जेन ग्रेचा चाचपडणारा हात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : लंडनला मुलीकडे गेला होतात, ट्रफाल्गर चौकातल्या नॅशनल गॅलरीत पॉल दलारोशचं ‘लेडी जेन ग्रेचा शिरच्छेद’ हे चित्र पाहिलंत आणि बघता बघता डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन वाचलंत तेव्हा कळलं की चित्रातला प्रसंग इतिहासाला धरून नाही, आणि जाणकार मंडळी ‘नाटकी चित्र’ म्हणून त्याला नाकं मुरडतात. ‘मग मी फसले का? हे चित्र मोठं, की नुसतंच परिणामकारक?’ असं तुम्ही विचारलंय. आणि हे चित्र पंचेचाळीस वर्षं हरवलं होतं हे खरं का, असंही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : हो, खरं आहे. त्याबद्दल पुढे लिहिते, कारण तो माझ्या कामाचाच भाग आहे. गेली एकोणतीस वर्षं मी जुन्या तैलचित्रांच्या दुरुस्तीचं आणि जतनाचं काम करते आहे. पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर आहे, नाही, तुम्ही फसला नाहीत. त्या चित्रात बऱ्याच गोष्टी बदललेल्या आहेत हे कबूल. पण ज्या जागी तुमचे डोळे भरून आले असणार, ती जागा त्या सकाळच्या नोंदीत जशीच्या तशी आहे.

आधी इतिहास, तोही भरभर. इंग्लंडचा राजा सहावा एडवर्ड ६ जुलै १५५३ रोजी वारला, वयाच्या पंधराव्या वर्षी. तो प्रॉटेस्टंट आणि बहीण मेरी कॅथलिक, म्हणून मरण्यापूर्वी तिला डावलून त्याने गादी नात्यातल्या जेनच्या नावे करून ठेवली होती. यामागे हात होता नॉर्दम्बरलंडच्या ड्यूकचा, म्हणजे जेनच्या सासऱ्याचा. त्याच वर्षी मे महिन्यात आपला मुलगा गिल्डफर्ड याच्याशी त्याने तिचं लग्न लावून दिलं होतं. जेन सोळा-सतरा वर्षांची, ग्रीक-लॅटिन वाचणारी, पुस्तकांत रमणारी मुलगी. राणी झाल्याचं सांगितलं तेव्हा ती रडली. १० जुलैला तिच्या नावाची द्वाही फिरली आणि १९ तारखेला मेरीच्या नावाची. नऊ दिवस. पुढे नोव्हेंबरात खटला होऊन तिला मृत्युदंड झाला, पण मेरी लगेच तो अमलात आणणार नव्हती. मग १५५४च्या सुरुवातीला मेरीविरुद्ध वायट नावाच्या माणसाचं बंड झालं, जेनचे वडीलच त्यात सामील झाले आणि मुलीचं भवितव्य ठरून गेलं. १२ फेब्रुवारी १५५४ च्या सकाळी आधी गिल्डफर्डला, ती दोघं जिथे कैदेत होती त्या लंडनच्या ‘टॉवर’ या किल्ल्याबाहेरच्या टेकडीवर मारलं. त्याचं धड गाडीतून आणि डोकं फडक्यात गुंडाळून परत आणलं, ते जेनला दिसलं. त्यानंतर तिची पाळी आली.

तेव्हा टॉवरमध्येच राहणाऱ्या एकाने त्या दिवसांची टिपणं ठेवली आहेत. त्याचं नाव कुणाला माहीत नाही. त्याने जेनच्या शेवटच्या मिनिटांचं जे लिहून ठेवलंय ते मी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा वाचते. हातात प्रार्थनेचं पुस्तक घेऊन ती आली. सोबतच्या दोघी बायका रडत होत्या, ती रडत नव्हती. गुडघे टेकून एक्कावन्नावं स्तोत्र इंग्रजीत म्हणाली. हातमोजे आणि रुमाल एका सखीला दिले, पुस्तक टॉवरच्या अधिकाऱ्याच्या भावाला. (ते तळहाताएवढं पुस्तक ब्रिटिश लायब्ररीत आजही आहे. समासात तिच्या हातच्या ओळी आहेत.) वरचा झगा काढायला जल्लाद पुढे झाला, तेव्हा तिने त्याला दूर राहायला सांगितलं आणि आपल्या बायकांकडे वळली. मग जल्लादाने गुडघे टेकून तिची क्षमा मागितली. ती तिने दिली.

इथून पुढचं सावकाश वाचा. जल्लादाने तिला पेंढ्यावर उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली, आणि तेव्हा तिला ज्यावर मान ठेवायची तो ओंडका दिसला. ‘लवकर आटप’ अशी तिने त्याला विनंती केली. गुडघे टेकता टेकता विचारलं, ‘मी खाली वाकायच्या आधीच तोडणार का?’ तो म्हणाला, ‘नाही, बाईसाहेब.’ मग तिने स्वतःच डोळ्यांवर रुमाल बांधला. हात पुढे करून चाचपू लागली आणि म्हणाली, ‘आता काय करू? कुठे आहे तो?’ बाजूला उभ्या असलेल्यांपैकी एकाने तिला तिथवर नेलं.

घडीभरापूर्वी जो ओंडका डोळ्यांनी पाहिला, तो आता हाताला लागत नाही. इतका वेळ सगळं धीराने, रीतीप्रमाणे, एखाद्या मोठ्या माणसासारखं पार पाडलेली ती मुलगी या एका ठिकाणी मुलगी होते. दलारोशने नेमकी हीच जागा धरली. त्याआधीचं भाषण, प्रार्थना, क्षमा, सगळं सोडून दिलं. कुऱ्हाडही त्याने चालू दिली नाही. बघितलेला ओंडका आणि सापडलेला ओंडका यांच्या मधले जे चार-दोन श्वास, तेवढेच त्याने जवळपास अडीच मीटर उंच आणि तीन मीटर रुंद कॅनव्हासवर मांडले.

आता काय काय बदललं ते सांगते, म्हणजे ज्यांनी ‘खोटं चित्र’ म्हटलं त्यांच्यावर अन्याय नको. शिरच्छेद झाला टॉवरच्या आतल्या हिरवळीवर, उघड्यावर, फेब्रुवारीच्या दिवसाउजेडी. दलारोशने तो जाड खांबांच्या, दगडी कमानींच्या अंधाऱ्या तळघरासारख्या जागेत नेला. खटल्याच्या दिवशी घातलेला काळा पोशाखच तिने त्या सकाळी घातला होता. चित्रात पांढरंशुभ्र साटिन आहे, आणि त्याची शिवणही सोळाव्या शतकातली वाटत नाही, १८३० सालच्या पॅरिसची वाटते. केस मोकळे, खांद्यावरून पुढे आलेले. खरं तर अशा वेळी केस वर बांधून मान मोकळी ठेवतात. आणि प्रत्यक्षात तिथे लोक होते, अधिकारी होते, पाद्री होता. चित्रात पाचच माणसं.

चूक म्हणून हे सगळं एका फटक्यात मोजून टाकता येईल. पण मी चित्र दुरुस्त करायला घेते तेव्हा एक करून बघते : एखाद्या भागावर पांढरा कागद धरायचा आणि तो भाग नसता तर चित्राचं काय झालं असतं ते पाहायचं. मोठ्या छापील प्रतीवर तुम्हीही करून बघा. मागच्या कमानींच्या जागी मनात आकाश आणि हिरवळ आणा : नजर लगेच वर आणि लांब पळते. पोशाख काळा करा : मुलगी मागच्या माणसाच्या काळपट झग्यात विरून जाते, आणि हात दिसेनासा होतो. गर्दी आणा : आपण गर्दीतले एक होतो. दलारोशला तो हात दिसायला हवा होता. पांढऱ्या पोशाखामुळे प्रकाशाचा एकच मोठा डाग चित्राच्या मध्यावर पडतो, त्या डागातून दोन उघडे हात बाहेर येतात, आणि त्या बोटांपुढे थोडी रिकामी हवा आहे. त्या रिकाम्या हवेच्या पलीकडे ओंडका. मला विचाराल तर या चित्रातली सर्वांत अवघड, सर्वांत निगुतीने रंगवलेली गोष्ट म्हणजे ती रिकामी हवा. बोटं ओंडक्याच्या जास्त जवळ आली असती तर ‘सापडला’ असं वाटलं असतं. जास्त लांब राहिली असती तर आंधळी कोशिंबीर झाली असती.

अजून एक गोष्ट तुम्ही बहुधा न जाणता अनुभवली असेल. डावीकडच्या दोघी सख्या बघा. एक खांबाकडे तोंड करून, आपल्याकडे पाठ फिरवून उभी आहे. दुसरी बसल्या जागी मान टाकून गळून गेली आहे, मांडीत जेनचा उतरवलेला झगा आणि दागिने. जेनच्या डोळ्यांवर पट्टी. टॉवरचा अधिकारी सर जॉन ब्रिजेस तिच्यावर वाकलेला, त्याचं सगळं लक्ष तिला सांभाळून नेण्यात. उजवीकडे लाल तंग पायमोज्यातला जल्लाद कुऱ्हाड टेकवून वाट पाहत उभा, नजर खाली. चित्रातलं एकही माणूस आपल्याकडे बघत नाही. अख्खा प्रसंग, ओंडका, हात आणि त्यांच्यातलं अंतर, हे बाहेर उभ्या असलेल्यालाच एका नजरेत दिसतं. ‘थोडं उजवीकडे’ असं सांगावंसं वाटतं आणि पुढच्याच क्षणी लक्षात येतं की आपण तिला कशासाठी वाट दाखवायला निघालोय. मी पहिल्यांदा ते चित्र पाहिलं तेव्हा माझा हात खरोखरच पर्समधून बाहेर येऊन थोडा पुढे झाला होता.

‘नाटकी’ या आरोपाबद्दल. आरोप जुना आहे. कवी आणि समीक्षक तेओफिल गोतिए याने दलारोशवर आयुष्यभर दात धरला होता. आणि नाटकाशी संबंध आहेच, तो लपवायचं कारण नाही. दलारोश छोट्या पेटीत मातीच्या-प्लॅस्टरच्या बाहुल्या उभ्या करून, प्रकाश कुठून पडतो ते पाहून मांडणी ठरवायचा. जेनसाठी पॅरिसच्या कोमेदी-फ्रांसेज या नाटकगृहातली नटी आनाईस हिचा चेहरा घेतला असं मानतात. पण देवघेव एकाच बाजूने नव्हती. त्याने टॉवरमध्ये कोंडलेल्या दोन राजपुत्रांचं चित्र १८३१ साली दाखवलं, आणि ते पाहून कासिमिर दलाविन्य याने दोन वर्षांनी त्याच विषयावर नाटक लिहून रंगभूमीवर आणलं. म्हणजे नाटकवाले चित्राकडून शिकत होते.

आणि रंगमंचाची भाषा वापरली म्हणजे भावना खोटी, हे मला कधीच पटलेलं नाही. आपण मराठी माणसांनी तर असं म्हणूच नये. रविवर्म्याच्या ज्या तसबिरी आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात होत्या, त्यांतल्या बायकाही हातवारा अर्ध्यावर थांबवून उभ्या असतात, पडदा वर गेल्यावर क्षणभर सगळे स्तब्ध असावेत तशा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये मानवाकृतींच्या रचनेचं जे शिक्षण रुजलं, चित्रकार धुरंधरांच्या हातून जे पुढच्या पिढ्यांपर्यंत गेलं, त्याचं मूळ युरोपातल्या याच अकादमी-परंपरेत आहे. मी स्वतः त्या वळणाच्या मास्तरांकडे शिकले. ‘हात काय सांगतो ते आधी ठरव, चेहरा मागून येईल,’ असं आमचे एक सर म्हणायचे. जेनचा चेहरा अर्धा झाकलेला आहे. सगळं बोलतात ते हातच.

आता एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो विचारल्याशिवाय चित्र पुरतं कळत नाही : एका फ्रेंच माणसाने इंग्लंडची राणी का रंगवावी? आणि तीही १८३३ साली?

दलारोशचा जन्म पॅरिसमधला, १७९७चा. म्हणजे राजा सोळाव्या लुईचं डोकं गिलोटिनखाली गेलं (२१ जानेवारी १७९३), राणी मारी आंत्वानेतचं गेलं (१६ ऑक्टोबर १७९३), त्याला चारच वर्षं झालेली. तो तिशीत होता तेव्हा, १८३० साली, पॅरिसने पुन्हा एक राजा हाकलला, दहावा चार्ल्स. नंतर गादीवर आला लुई-फिलिप. या लुई-फिलिपच्या वडिलांनी सोळाव्या लुईला, म्हणजे आपल्याच भाऊबंदाला, देहदंड द्यावा म्हणून मत दिलं होतं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तेही गिलोटिनखाली गेले होते. अशा माणसाच्या राज्यात मारी आंत्वानेतचा शेवट भल्यामोठ्या कॅनव्हासवर रंगवून चारचौघांत टांगणं कसं जमणार? जखम ओली होती आणि ती कुणी उघडायची नाही असा अलिखित करार होता. मग चित्रकार आणि इतिहासकार, दोघंही इंग्लंडकडे वळले. तिथेही राजाचं डोकं उडालं होतं, तिथेही राजघराणी उलथली होती. दलारोशने त्या राजाला, पहिल्या चार्ल्सला, शवपेटीत पाहणारा बंडखोरांचा पुढारी क्रॉमवेल रंगवला, टॉवरमधले राजपुत्र रंगवले, मग जेन. १८३४च्या सालाँमध्ये, म्हणजे लूव्रमध्ये भरणाऱ्या सरकारी प्रदर्शनात, हे चित्र लागलं तेव्हा त्यापुढे गर्दी लोटली. त्या गर्दीत चाळिशी-पन्नाशीच्या पुढचं जवळजवळ प्रत्येक माणूस असं होतं, ज्याला ओंडका, पेंढा आणि मोकळी मान हे शब्द पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. सूचीत दलारोशने १५८८च्या एका प्रॉटेस्टंट हुतात्म्यांच्या ग्रंथाचा हवाला दिला होता, पण बघणाऱ्यांच्या मनात कुठलं साल होतं ते सांगायला नको. पांढऱ्या पोशाखाचंही त्यांना वेगळं नवल वाटलं नसणार. मारी आंत्वानेत गिलोटिनकडे गेली ती पांढऱ्याच कपड्यांत.

त्याच सालाँमध्ये चित्रकार देलाक्र्वाचं ‘अल्जियर्सच्या स्त्रिया’ होतं आणि चित्रकार अँग्रचं ‘संत सिंफोरियन’ही. अँग्रचं चित्र लोकांना आवडलं नाही, त्याने इतकं मनाला लावून घेतलं की तो रोमला निघून गेला. गर्दी दलारोशची. आज पारडं फिरलंय, देलाक्र्वा कुठल्या कुठे गेला आणि दलारोश मागे पडला. नशीब गेलेल्या राजाचं चित्र म्हणून कुणी देलाक्र्वाचं १८२७चं ‘सार्दानापालसचा मृत्यू’ दाखवतं, तेव्हा मला दोघांतला फरक नीट दिसतो. तिथे शत्रू दाराशी आलेला राजा पलंगावर रेलून आपल्या बायका, घोडे, गुलाम डोळ्यांदेखत मारवतोय. लाल रंगाचा पूर आलाय, कुंचल्याचे फटकारे मोकळे, जमीनच तिरकी. ते चित्र मला थोर वाटतं. रंगाच्या बाबतीत दलारोश त्याच्या जवळपासही जात नाही. पण तिथे मला एकाही माणसाची काळजी वाटत नाही. हे देलाक्र्वाचं उणं मानू नका, त्याला ती नकोच होती. दलारोशला हवी होती, आणि ती त्याने मिळवली. ‘मोठं, की नुसतंच परिणामकारक’ असा जो पेच तुम्ही घातलाय त्यातला ‘नुसतंच’ हा शब्द मला खटकतो. दोनशे वर्षं होत आली, आणि इंग्लंडच्या इतिहासाचं एक पानही न वाचलेली माणसं त्यापुढे थबकतात. सोपं असतं तर त्याच्या नकलाकारांनाही जमलं असतं, आणि नकलाकार शेकड्याने होऊन गेले.

माझ्या मते जिथे हे चित्र कमी पडतं तेही सांगते. बसलेली सखी. तिचं गळून जाणं फार देखणं आहे. मांडीतल्या झग्याची चुणी न् चुणी इतकी सफाईने रंगवली आहे की दुःखापेक्षा कापड आधी दिसतं. आणि एकूणच पृष्ठभाग फार गुळगुळीत. तिथे शेजारी उभं राहून तिरक्या नजरेने बघितलंत तर कुंचल्याचा माग जवळपास लागतच नाही, पॉलिश केलेल्या टेबलासारखा. त्या काळी फ्रान्समध्ये ही सफाई म्हणजेच कसब मानत. मला मात्र चित्रकाराचा हात कुठेतरी अडखळलेला दिसला की बरं वाटतं. इथे एकच हात अडखळतो, जेनचा. कधी कधी वाटतं की बाकी सगळं इतकं घट्ट आणि नीटस आहे म्हणूनच तो अडखळणारा हात असा अंगावर येतो. पण हे माझं मन, त्याचा पुरावा नाही.

आता हरवण्याची गोष्ट. चित्र सालाँमधून गेलं आनातोल देमिदॉफ या धनाढ्य रशियन सरदाराकडे. १८७०च्या लिलावानंतर ते इंग्लंडात आलं आणि १९०२ साली लॉर्ड चेल्समोर यांच्या मृत्युपत्राने राष्ट्राला मिळालं. पुढे ते टेट गॅलरीत ठेवलं होतं. टेट म्हणजे थेम्सच्या अगदी काठावर. १९२८च्या जानेवारीत, ६ आणि ७ तारखेच्या मधल्या रात्री, वितळलेल्या बर्फाचं पाणी, पाऊस आणि समुद्राकडून आलेलं उधाण अशी तिन्ही एकत्र येऊन थेम्स फुटली. लंडनमध्ये चौदा माणसं बुडून मेली. टेटच्या खालच्या दालनांत पाणी भरलं, टर्नरची कागदावरची कामं भिजली. या चित्राची नोंद ‘पुरात नष्ट’ अशी झाली. पुढे त्याबद्दल फारसं कुणाला वाईट वाटलेलं दिसत नाही, कारण तोवर अशा चित्रांची चाल गेली होती.

१९७३ साली टेटमधले क्रिस्टोफर जॉन्स्टन हे जॉन मार्टिन या इंग्रज चित्रकारावर काम करत होते. पुरात खराब झालेलं मार्टिनचं पॉम्पेईच्या विनाशाचं चित्र गुंडाळी करून ठेवलं होतं, ते त्यांनी शोधून उलगडायला घेतलं. आत दुसरं कॅनव्हास निघालं. जेन ग्रे. पंचेचाळीस वर्षं एका उद्ध्वस्त शहराच्या पोटात, आणि तरी विलक्षण चांगल्या अवस्थेत. १९७५पासून ते पुन्हा नॅशनल गॅलरीच्या भिंतीवर आहे.

‘चांगल्या अवस्थेत’ हे शब्द वाचून जाता येतात, पण माझ्यासारखीला तिथे थांबावं लागतं. गुंडाळलेलं तैलचित्र उलगडणं म्हणजे काय ते एकदा अनुभवायला हवं. वीसेक वर्षांपूर्वी सातारा भागातल्या एका घराण्यातून पणजोबांचं तैलचित्र माझ्याकडे आलं. वाड्याची डागडुजी चालू असताना कुणीतरी ते चौकटीतून काढून गुंडाळलं होतं, रंगाची बाजू आत घेऊन, हाताच्या मनगटाएवढी बारीक गुंडाळी, वर सुतळी करकचून. आणि मग पंधरा पावसाळे माळ्यावर. घरच्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवून टोक उचललं आणि पापड मोडावा तसा आवाज आला. मी ओरडलेच. एवढ्यात चार खपल्या टेबलावर पडल्या होत्या, एकीवर पागोट्याची जर. पुढे अकरा दिवस ती गुंडाळी मंद ओलाव्यात ठेवून, रोज तीन-चार बोटं एवढीच उघडत नेली. प्रत्येक उघडलेल्या पट्टीवर पातळ कागद डकवायचा, खपली धरून ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुढची पट्टी. चेहरा आला तो आठव्या दिवशी. डावा डोळा वाचला नव्हता.

गुंडाळायची वेळ आलीच तर रंगाची बाजू बाहेर ठेवायची, आणि शक्य तितक्या जाड नळीवर. आत ठेवली की रंगाचा थर चेंगरतो, उलगडताना सुटून येतो. तुमच्याकडे घरात असं काही असेल तर सुतळी सोडूसुद्धा नका, तसंच जाणत्या माणसाकडे न्या. आणि मोकळेपणाने सांगायचं तर जेनचं चित्र पुरानंतर एवढी वर्षं अंधारात राहून नीट बाहेर आलं याचं मोठं श्रेय दलारोशच्या त्याच सफाईला आहे, जिच्याबद्दल मी आत्ता कुरकुर केली. त्याने थर शिस्तीत चढवले होते. त्याच्याहून थोड्याच मोठ्या असलेल्या झेरिको या चित्रकाराचं ‘मेदूसाचा तराफा’ बघा, काळोख गडद व्हावा म्हणून वापरलेल्या डांबरी रंगाने ते चित्र आतून खाल्लंय, आणि त्याला इलाज नाही. मार्टिनच्या चित्राचा तर एक मोठा तुकडाच गेला होता. तो भाग नव्याने भरून २०११ साली ते लोकांपुढे आलं.

आता पुन्हा जाल तेव्हासाठी दोन गोष्टी. सकाळी गॅलरी उघडताच जा. दुपारी या चित्रापुढे नेहमी घोळका असतो. तिथल्या लाकडी जमिनीचं पॉलिश इतर जागांपेक्षा या चित्रासमोर लवकर झिजतं म्हणतात, आणि त्यात मला आश्चर्य वाटत नाही. आधी लांबून एकदा सगळं बघून घ्या आणि मग खाली, ओंडक्याभोवतीच्या पेंढ्याकडे या. काडी न् काडी वेगळी, कोरडी, कुठे कुठे उजेड पकडणारी. रक्त टिपायला पसरलेली. हा पेंढा दलारोशने मनाने घातलेला नाही, त्या टिपणात तो आहे. तिथेच उभी राहून तिने ओंडका पाहिला.

दुसरं म्हणजे तो वाकलेला म्हातारा. टिपणात इतकंच आहे की बाजूला उभ्या असलेल्यांपैकी ‘एकाने’ तिला नेलं. तो कोण, ते लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही. दलारोशने ती जागा ब्रिजेसला दिली, आणि जल्लादाला जेवढी जागा आहे त्याहून जास्त माया त्याच्या वाकण्यात ओतली. त्याचं डोकं तिच्या डोक्याच्या किती जवळ आहे ते पाहा. लहान मुलीला पहिल्यांदा पाटीवर हात धरून गिरवायला शिकवताना बापाचं डोकं जितकं जवळ असतं, तितकंच. तुम्हाला रडू आलं ते नेमकं कुठे बघताना, हे मला एकदा कळवाल का? तीस वर्षांत मी बऱ्याच जणांना विचारलंय. बहुतेक जण हात सांगतात. काही जण त्या म्हाताऱ्याचं वाकणं सांगतात.